एकविसावा ग्लास

४ फेब्रुवारी

हो म्हणाल्या! पाणीवाल्या बाई परीक्षा द्यायला हो म्हणाल्या!!

सकाळपासून पाय जमिनीवर नाहीत. प्रयोगशाळेत दोन नमुन्यांना एकच लेबल लावलं, साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. पाहू देत. एकोणीस वर्षं या शहराचं पाणी तपासते आहे, एक लेबल माफ.

आमचं पडताळणी मंडळ सुरू होऊन चार वर्षं झाली. आजवर जो आला तो ऐन वेळी पळाला. लोलकानं रोग ओळखणारा म्हणाला, आज ग्रह बरोबर नाहीत. चुंबकाच्या गादीवाला तर फोनच उचलेना. आणि या बाई! सरांनी विचारलं, तर म्हणाल्या, "घ्या की. मला कसली भीती?" सर निवृत्त विज्ञानशिक्षक, मंडळ त्यांनीच काढलेलं. म्हणाले, इतक्या सरळ हो म्हणणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं.

दावा असा — बाई पाण्याच्या बाटलीवर दहा मिनिटं तळवा धरतात, मग पाण्यात गुण उतरतो. ते पाणी पुढे कुठेही ठेवा, झाकून ठेवा, त्यांच्या हाताला कळतं. आता गुण उतरतो की नाही हे तपासायला वर्षं जातील. पण हाताला कळतं की नाही, हे एका सकाळीत तपासता येतं!

हे झालं मंडळाचं. माझं कारण वेगळं आहे, वहीपाशी काय लपवायचं. दादा.

दादा फिटच्या गोळ्या सोळा वर्षं घेत होता. डिसेंबरच्या शेवटी स्वतःच्याच मनानं बंद केल्या आणि बाईंचं पाणी सुरू केलं. चार जानेवारीला फिट आली. दुकानात, चष्म्याच्या काचा घासायच्या मशीनवरच कोसळला. हनुवटीला सहा टाके. म्हटलं, आता तरी डोळे उघडतील. छे! "पाणी भिनायला वेळ लागतो," म्हणे. आणि नेमकी तेव्हापासून एकही फिट नाही. आज एकतीस दिवस झाले. बोटं मोजून मला ऐकवतो.

संध्याकाळी त्याला फोन केला, परीक्षेचं सांगितलं. खूश झाला!

"शंकाबाई," — लहानपणापासून मला हेच म्हणतो — "ठरलं तर मग. बाई हरल्या तर दुसऱ्या दिवशी गोळ्या सुरू. जिंकल्या तर माझ्यापुढे गोळीचं नाव काढायचं नाही. कधीच."

"कबूल."

"आणि तुझ्या वहिनीला यातलं काही सांगायचं नाही. दोघांनाही वेड्यात काढेल."

कबूल म्हणून बसले खरी. हरले तर? मला भाऊ एकच आहे.

६ फेब्रुवारी

कामावर जाताना दादाकडे डोकावले. साडेसात म्हणजे त्याच्या पाण्याची वेळ. वहिनी स्वयंपाकघरातून ग्लास घेऊन आली, तो एका दमात प्यायला आणि असं काही तोंड केलं!

"कडू! आज जास्तच आहे. गुण आहे बघ त्यात."

पाणी कडू लागतं म्हणे! माणूस मनाला पटवायला बसला की जीभसुद्धा साथ देते. मी तिथेच त्याला सूचनेच्या परिणामावर पाच मिनिटं ऐकवलं. त्याने शांतपणे मिशा पुसल्या.

ग्लासच्या तळाशी पांढरट काहीतरी उरलेलं. दादा म्हणाला, "हे बघ, हेसुद्धा फक्त बाईंच्याच पाण्यात दिसतं." त्यालाही उत्तर दिलं — या भागातलं पाणी कठीण आहे, क्षार जास्त, माझ्याच रजिस्टरमध्ये लिहिलंय. दुकानातल्या नळाचं पाणी उकळून बघ, तिथेही दिसेल.

वाईट वाटलं ते वहिनीचं. जानेवारीत सगळ्यात जास्त तीच चिडली होती, बाटली फेकायला निघाली होती. आता स्वतःच्या हातानं ग्लास भरून आणते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. तीसुद्धा गळाला लागली! ओट्यापाशी गाठून म्हटलं, "वहिनी, तू तरी?" खल धुवत होती. वर न बघता म्हणाली, "ताई, तुम्ही तुमचं करा, मी माझं करते."

इतकी हुशार बाई.

७ फेब्रुवारी

तीन दिवस!

९ फेब्रुवारी

सगळी तयारी झाली. शाळेची विज्ञानाची खोली मिळाली, रविवार असल्यामुळे रिकामी. योजना इतकी सुरेख आहे की पुन्हा लिहून काढते.

वीस फेऱ्या. खोलीच्या मागच्या बाजूला कपाटाचा आडोसा, तिथे जादूगार. (आमच्या मंडळातले हे काका तीस वर्षं रंगमंचावर जादू करायचे. फसवणूक कशी होते हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? अजूनही बोलता बोलता कानामागून चेंडू काढतात.) त्यांच्याकडे यादी. यादीत "आहे" असेल तर ग्लासात बाईंचं पाणी, "नाही" असेल तर साधं. ग्लास फडक्यानं झाकायचा, फळीवर ठेवायचा. सर तो उचलून बाईंपुढे ठेवणार — सरांना आत काय आहे ते माहीत नाही, म्हणजे चेहऱ्यावरूनही काही कळायला नको. बाई वरून हात धरणार आणि सांगणार, आहे किंवा नाही. नुसत्या अंदाजानं दहाच्या आसपास बरोबर येतील. पंधरा किंवा जास्त आले, तर दावा टिकला.

बाईंची अट एकच. प्रत्येक उत्तरानंतर बरोबर की चूक ते लगेच सांगायचं, नाहीतर हात गोंधळतो. दिली मान्य करून, त्यात काय!

यादी करायचं काम माझं. नाणं उडवायचं — छापा म्हणजे आहे, काटा म्हणजे नाही. जेवणानंतर बसले. गंमत म्हणजे मध्येच सलग सहा काटे! पुढे सलग चार छापे! असली यादी नेली तर सर म्हणतील, झोपेत केलीस. बाई म्हणतील, मुद्दाम छळलंत. मग पाच-सहा ठिकाणी बदल केले, नीट मिसळून घेतलं. आता कशी छान विस्कळीत दिसते!

पाकीट चिकटवलं, वर सही केली. झालं!

१० फेब्रुवारी

सोळा.

वीसपैकी सोळा बरोबर. लिहितानाही खरं वाटत नाही.

सगळं ठरल्याप्रमाणे झालं. बाई वेळेआधी दहा मिनिटं आल्या, निळा स्वेटर, साध्या. लॉंड्रीत तीस वर्षं इस्त्री केली, तेव्हाच कळलं म्हणाल्या की आपला हात इतरांसारखा नाही. सोबत त्यांच्या पाण्याच्या बाटल्या. आम्ही सगळ्यांनी आधी त्यातलं चाखून पाहिलं, सवयच आहे. चव शून्य. कडूबिडू काही नाही! मी दादाकडे बघून भुवया उडवल्या. बाकावर हाताची घडी घालून बसला होता.

पहिला ग्लास. "आहे." कपाटामागून जादूगार — "बरोबर!" दुसरा. "नाही." "बरोबर!" तिसरा, चौथा, पाचवा... बरोबर, बरोबर, बरोबर! सरांचा आवाज बदलायला लागला. मध्ये एक चुकलं तेव्हा इतकं हायसं वाटलं! पण पुन्हा गाडी सुरू. शेवटचा ग्लास.

"बरोबर," जादूगार म्हणाले. मग आडोशातून बाहेर आले आणि खुर्चीत बसले. कानामागून काही काढलं नाही.

दादानं टाळ्या वाजवल्या. एकट्यानंच. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "शब्द म्हणजे शब्द हं, शंकाबाई. सदतीस दिवस." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं. बरा होणार या आनंदात होता तो!

११ फेब्रुवारी

कामावर गेले. शहराचं पाणी ठीक आहे. मी नाही.

१२ फेब्रुवारी

आज एक गोष्ट स्वतःशी कबूल केली. खरं असेल तर?

नुसत्या अंदाजानं सोळा किंवा त्याहून जास्त येणं, हे शंभर वेळा परीक्षा घेतली तरी एकदासुद्धा होणार नाही. मग मी एवढी का रुसले आहे? खरं असेल तर ही केवढी मोठी गोष्ट! इस्त्री करणाऱ्या एका बाईच्या तळव्यात असं काही आहे जे आजवर कुणी मोजलं नाही, आणि ते आमच्या शाळेच्या खोलीत मोजलं गेलं! दुपारभर नुसती तरंगत होते. दादा बरा होईल. मी माफी मागेन. आनंदानं मागेन!

पण मग जादूगारांचा फोन आला. "पोरी, आधी भोकं शोध." दोघांनी मिळून शोधली. पाणी कोमट होतं का? नाही, दोन्हींच्या बाटल्या आधी एकाच बादलीत बुडवून सारख्या गार केलेल्या. ग्लास वेगळे? एकाच खोक्यातले. फडक्याची घडी? त्यांनी दर वेळी नवी घातली. सरांचा चेहरा? सरांना माहीतच नव्हतं. माझा? मी बाईंच्या पाठीमागे बसले होते. भोक नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग एकतर बाई खऱ्या, नाहीतर भोक तिथे आहे जिथे आपण बघत नाही."

१३ फेब्रुवारी

सापडलं!!! सापडलं सापडलं सापडलं!

जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडा तसाच, यादी एका बाजूला आणि बाईंची उत्तरं दुसऱ्या बाजूला. म्हटलं, बरोबर आलेली सोळा सगळे बघतात, मी चुकलेली चार बघते. पहिली चूक — त्या जागी यादीत लागोपाठ दोनदा "आहे" होतं. दुसरी — लागोपाठ दोनदा "नाही". तिसरी, लागोपाठ. चौथी, लागोपाठ!

यादीत एकच उत्तर लागोपाठ आलंय ते फक्त चार ठिकाणी. आणि बाई चुकल्या त्या नेमक्या त्याच चार ठिकाणी. बाकी सगळीकडे आहे-नाही-आहे-नाही. म्हणजे बाई दर वेळी एकच गोष्ट करत होत्या — मागच्या वेळी जे बरोबर ठरलं, त्याच्या उलट सांगायचं! मागच्या वेळी काय बरोबर होतं हे तर आम्हीच त्यांना मोठ्यानं सांगत होतो!

मी टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की शेजारच्या बाकावरची परीक्षानळी पडली. साहेब धावत आले. त्यांना मिठी मारायचीच बाकी होती.

आणि मग तशीच खाली बसले.

नाण्याची यादी अशी नव्हती. नाण्याच्या यादीत सलग सहा काटे होते. सलग चार छापे होते. त्या यादीवर बाईंची ही रीत एका फटक्यात उघडी पडली असती. ती यादी मी बदलली. नीट मिसळून घेतली! खरं नाणं कसं पडतं ते मला बघवलं नाही, म्हणून मी त्याला सुधारलं. आणि "हे एकदा, ते एकदा" असं मला जे बरं वाटलं, तेच बाईंच्या हातालाही वाटलं. त्यांना पाण्यातलं काही कळलं नाही. त्यांना माझी यादी कळली.

भोक मीच.

डबा तसाच परत नेला. दादा आता माझ्यामुळे गोळ्या घेत नाही. हे सरांना सांगायचं आहे, त्याला सांगायचं आहे. लाज वाटतेय आणि हसूही येतंय, दोन्ही एकदम.

१४ फेब्रुवारी

सरांच्या घरी गेले. जादूगारांनाही बोलावलं. उभ्या उभ्याच सांगून टाकलं, बसले तर धीर सुटला असता.

सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मला वाटलं, आता मंडळातून काढतील. म्हणाले, "एक्केचाळीस वर्षं मुलांना सांगितलं, आकडे रंगवू नका. लेकी, तू तर आकडे येण्याआधीच रंगवलेस!"

जादूगार खो-खो हसत सुटले. "तीस वर्षं मी लोकांना फसवलं, पण स्वतःलाच फसवायची ही सफाई मला कधी जमली नाही. शिकव जरा!"

रडले. मग त्यांच्याबरोबर हसले. रविवारी पुन्हा परीक्षा! बाईंना फोन केला, त्या पुन्हा हो म्हणाल्या. काय बाई आहे!

दादाला सांगणं जड गेलं. ऐकून घेतलं त्यानं. "म्हणजे चूक तुझी आणि परीक्षा बाईंनी पुन्हा द्यायची?" बरोबरच होतं त्याचं. मी म्हटलं, "हो. चूक माझी. एकदाच, शेवटची." मग म्हणाला, "तू चुकलीस असं तोंडानं म्हणालीस, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. त्याखातर येतो."

१६ फेब्रुवारी

यादी नाही करायची. उद्या तिथेच फासा टाकायचा, बरणीत, झाकण लावून. जादूगार नाणं उडवतो म्हणाले, त्यावर सर म्हणाले, तुमच्या हातात नाणं? देवा!

१७ फेब्रुवारी

नऊ!!

वीसपैकी नऊ!

या वेळी बरणीतला फासा सांगेल ते. सम म्हणजे आहे, विषम म्हणजे नाही. आणि फाशानं तरी काय करावं — आठव्या फेरीपासून सलग सात वेळा "आहे"! सलग सात! आडोशामागे जादूगारांना हसू आवरेना, ते मला इकडे ऐकू येत होतं. मी असते तर नक्की दोन-तीन बदलले असते!

बाई मात्र त्या सातांत पार गोंधळल्या. नाही, चूक. नाही, चूक. नाही, चूक. मग कपाळाला घाम आला, "आज हात गप्प आहे," म्हणाल्या. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण त्यांच्याकडे बघवेना. ढोंग करणारं माणूस असं घामाघूम होत नाही. सरांनी त्यांना पाणी दिलं. साधं. जाताना दादापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, मी कधी कुणाला गोळ्या बंद करा म्हटलं नाही हं."

दादा बाकावरच बसून राहिला. "आणि माझे चव्वेचाळीस दिवस?"

त्याला तयारच उत्तर होतं माझ्यापाशी! त्याच्या शेजारी बसले, फाशाचा कागद दाखवला. हे बघ, सलग सात. कुणी केलं का हे? कुणी नाही. आपोआप आलं. तुझ्या फिटा गोळ्या सुरू व्हायच्या आधीही कधी आठवड्यात दोन, कधी दोन महिने एकही नाही, अशाच यायच्या. चव्वेचाळीस दिवस म्हणजे हेच सलग सात. आपण दोघं सारखेच आहोत दादा — मला सलग सहा काटे बघवले नाहीत, तुला चव्वेचाळीस दिवस नुसते बघवत नाहीत.

इतकं छान बोलले मी! सर मागून मान डोलवत होते. दादानं कागद घडी करून खिशात ठेवला.

"उद्यापासून," म्हणाला. "पण घरी नाही सांगायचं. दुकानात घेईन. घरी ती इतक्या मायेनं ग्लास आणून देते, ते चालू राहू दे. नुसतं पाणीच तर आहे."

घरी आले आणि उशीत तोंड खुपसून ओरडले. आनंदानं!!

१८ फेब्रुवारी

अकरा वाजता त्याचा फोन. "घेतली." एवढंच. मी प्रयोगशाळेच्या गच्चीवर जाऊन दोन गिरक्या घेतल्या.

१९ फेब्रुवारी

"घेतली."

२२ फेब्रुवारी

दादाला गरगरतं. कालपासून. जुनीच गोळी, जुनीच मात्रा, सोळा वर्षं काही झालं नाही आणि आता चालताना भिंत धरावी लागते. दुकानात गेले तर काच हातात धरून बसला होता. "एका काचेच्या दोन दिसतात. कुठली घासू?"

वर हसतो! "बघ, पाण्यावर होतो तेव्हा ठणठणीत होतो. तुझी गोळी सुरू केली आणि हे."

उद्या डॉक्टरांकडे नेते.

२३ फेब्रुवारी

त्याला दुकानातूनच डॉक्टरांकडे नेलं. वहिनीला सांगितलं, चष्म्याच्या फ्रेमा बघायला चाललोय. डॉक्टरांनी बोट डोळ्यांपुढून फिरवलं, एका रेषेत चालायला लावलं. दादा दारुड्यासारखा हेलकावत गेला. रक्त घेतलं. "दोन दिवस गोळी बंद. सोमवारी रिपोर्ट."

गोळी बंद! म्हणजे पुन्हा तिथेच.

२५ फेब्रुवारी

रिपोर्ट!

रक्तात औषध दुप्पट. डॉक्टर म्हणाले, "रोज दोन गोळ्या घेता का?" दादानं आईची शपथ घेतली — एकच. स्ट्रिप दाखवली. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत पाच गोळ्या कमी, बरोबर पाच. मग दुसरी कुठून आली? हवेतून?

घरी येऊन ही वही पहिल्यापासून वाचायला घेतली. आणि सहा फेब्रुवारीपाशी थांबले. माझंच अक्षर! "ग्लासच्या तळाशी पांढरट काहीतरी उरलेलं." वर "कडू". दादा कडू कडू म्हणत होता आणि मी त्याला सूचनेचा परिणाम शिकवत होते! क्षार म्हणे! एकोणीस वर्षं पाणी तपासणारी बाई, समोरचा ग्लास तपासावा असं एकदाही मनात आलं नाही!

बाई! बाई पाण्यात औषध घालतात! खरं औषध, कुटून! म्हणून तर लोकांना गुण येतो! परीक्षेला आणलेल्या बाटल्या साध्या होत्या, कारण आम्ही तपासणार हे त्यांना माहीत होतं. आणि वर ते साळसूद वाक्य — मी कधी कुणाला गोळ्या बंद करा म्हटलं नाही! मला दया आली होती त्यांची!

जादूगारांना फोन केला. "पकडलं!" ओरडलेच मी. ते म्हणाले, "नमुना घे आधी, मग ओरड."

घेणारच. उद्या साडेसातला दादाकडे. दोन बाटल्या धुऊन, उकळून, लेबल लावून पिशवीत ठेवल्यात. एक बाईंच्या बाटलीतल्या पाण्यासाठी, एक ग्लासातल्या. नियमाप्रमाणे दोन्हीकडचा नमुना घ्यायचा. उद्या या शहरातली सगळ्यात मोठी लबाडी उघडी पडणार!

२६ फेब्रुवारी

बाटलीतलं पाणी — स्वच्छ, चव नाही. ग्लासातलं — कडू, तळाशी पांढरं. दोन्हींच्या मध्ये उभी होती फक्त वहिनी. हातात खल. दुकानातल्या गोळ्यांचं आणि रिपोर्टचं तिला सांगून टाकलं.

"पाच जानेवारीपासून," ती म्हणाली. "रोज एक. ते मशीनवर पडले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. तुम्ही दोघं भांडत होता ताई. कुणीतरी गोळी द्यायला हवी होती ना! आणि यांनी परत सुरू केल्यात हे मला कुणी सांगितलं का?"

त्रेपन्न दिवस. फासा नाही, तळवा नाही. माझं ते सुंदर भाषण!

मागे वळले तर दादा दारात. केव्हापासून उभा होता कोण जाणे. त्यानं ग्लास उचलला, तळाशी बघितलं, बराच वेळ. मग तो वहिनीपुढे ओट्यावर ठेवला.

"डॉक्टरांना विचारून ये," म्हणाला. "आणि मग अख्खी दे. कुटलेली फार कडू लागते."